देवाच्या तसबिरीमागची ओल

फसवाफसवीचं मला फारसं नवल वाटत नाही. बोईसरमध्ये पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते वाटूही नये. पण ओल झाकायला चक्क देवाला भिंतीशी उभं करणारा माणूस मी एकदाच पाहिला, आणि त्याची आठवण झाली की अजून माझं डोकं सणकतं. हे म्हणतात, सोड आता. मी कशाला सोडू?

हे म्हणजे माझे यजमान. मूळचे सांगलीकडचे. तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले, इकडचीच बायको केली, आणि निवृत्त होताना सोबत दमा घेऊन घरी बसले. धूळ एक वेळ चालते, पण ओल अजिबात चालत नाही. बुरशी धरलेल्या खोलीत अर्धा तास बसले की छातीतून शिट्टी वाजायला लागते. मग पंप, मग वाफ, आणि दोनदा तर सरळ दवाखान्यात भरती. त्यामुळे आम्ही कुठं जायचंच सोडून दिलं होतं. लॉजच्या गाद्या नि भिंती कशा असतात ते सांगायला नको. एकदा हौसेनं कोल्हापूरला गेलो, तर पलंगामागच्या भिंतीनं असा इंगा दाखवला की देवीचं दर्शन न घेता सकाळच्या गाडीनं परत आलो. त्यांच्या गावीही सात-आठ वर्षांत जाणं झालं नव्हतं.

शाळेच्या ऑफिसातून मी निवृत्त झाले आणि माझ्या डोक्यात कॅरव्हॅनचं खूळ शिरलं. आपली गादी, आपली चादर, आपल्या भिंती, सगळं चाकांवर घालून न्यायचं. चालवायला दिवसाच्या बोलीवर ड्रायव्हर मिळतात. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती, पण बेटेगावच्या बाजूला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे एक उभी आहे असं कळलं. मिनीबसच्या आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन आणि कपाटाएवढा संडास. फोटो बघूनच मी हरखून गेले. हे नुसतं "बघू" म्हणाले. त्यांचं ते नेहमीचंच.

मी काही अगदी भोळीभाबडी नाही. आमच्या स्वयंपाकघराचं लाकूडकाम केलेला उमरोळीचा एक सुतार आहे, त्याला फोन करून सगळं नीट विचारून घेतलं. तो म्हणाला, "ताई, आतून सगळा प्लाय असतो. बोटानं ठोकून बगा. सुका असंल तर टणटण वाजंल, भिजलेला असंल तर आवाजच नाय येनार. पानी वरशी येतं, पन बसतं खाली कोपऱ्यात. कोपरे सोडू नका. आनि आतमदी सेंटचा वास मारला असंल, तर समजा कायतरी लपवलंन हाय." एवढं शिकवून त्यानं मला धाडलं आणि तरीही मी गाढवपणा केला.

दिवाळी होऊन गेली होती, बुधवार होता. माझं माहेर घिवलीला, म्हणून दुपारचं जेवण तिकडे उरकून मग बेटेगावला जायचं ठरलं. वहिनीनं ताजे बोंबील तळले होते, कोलंबीचं कालवण होतं. सांगलीच्या माणसाला बोंबलातलं काय कळणार असं माझी आई लग्नात म्हणाली होती. त्या दिवशी ह्यांनी सहा खाल्ले.

विक्रेता पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, कुठून आलात, जेवलात का, सगळी विचारपूस केली. "घिवलीहून? म्हणजे ताजी मासळी झाली असणार!" म्हणाला. मीही खुळ्यासारखी बोंबलांपासून कोलंबीपर्यंत सगळं सांगून टाकलं. तो मान डोलावत ऐकत होता. मला वाटलं, काय मोकळा माणूस आहे!

मग त्यानं गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "चपला तेवढ्या बाहेर, ताई. आत देव आहेत."

खरंच होते. मागच्या पलंगाच्या उशाशी, खाली कोपऱ्याला लागून, एक लाकडी देव्हारा स्क्रूनं ठोकलेला. त्यात गणपतीची मोठी तसबीर, झेंडूचा ताजा हार, हळदकुंकू, दोन उदबत्त्या. आतला सगळा वास उदबत्तीचा. "आधीच्या मालकांची श्रद्धा हो," तो म्हणाला. "मीही रोज दिवा लावतो. गिऱ्हाईक येवो न येवो." मी हात जोडले. हे दारातल्या सीटवर टेकले, एक पाय बाहेरच्या पायरीवर.

मी कामाला लागले. डावी भिंत ठोकली, टणटण. उजवी ठोकली, टणटण. बेसिनखाली वाकून पाहिलं, खिडक्यांच्या चौकटी चाचपल्या, सगळं कोरडं. राहिला तो देव्हाऱ्याचा कोपरा. मी हात पुढे केला आणि तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, मासे खाऊन आलात ना? देवाला नका शिवू."

माझा हात जागच्या जागी थांबला. आमच्याकडे मासे खाऊन देवघराच्या उंबऱ्याशीसुद्धा कोणी जात नाही. लहानपणी एकदा तशीच गेले होते तर आजीनं मला विहिरीवर नेऊन डोक्यावरून घागर ओतली होती. ते अंगात मुरलेलं. मी हात मागे घेतला आणि वर त्या माणसाला "माफ करा" म्हणाले. मी! त्याला! हे लिहिताना सुद्धा माझा मलाच राग येतोय.

मग काय, कोपरा राहिला तो राहिलाच. विक्रेता कागद आणायला गेला आणि मी संसार मांडायला लागले. शेगडी इथं, डबे तिथं. पडद्यांसाठी खिडक्या वितीनं मोजल्या. "आधी तुमच्या गावाला जाऊ," मी ह्यांना म्हटलं. "मग कोल्हापूर. देवीची ओटी राहिली आहे माझी." हे नुसते हसले. तो कागद घेऊन आला, बयाना किती द्यायचा ते सांगायला लागला, आणि त्याच्याकडे वळताना माझी नजर तसबिरीवर गेली.

काचेच्या आतला कागद खालून फुगला होता. गणपतीच्या पावलांपर्यंत तपकिरी डाग चढला होता आणि डागाच्या वरच्या कडेला गडद रेघ होती. ही रेघ मी जन्मापासून ओळखते. घिवलीच्या आमच्या घरात समुद्राकडच्या भिंतीवरच्या एकूण एक तसबिरीला ती आहे, माझ्या आजोबांच्या फोटोलासुद्धा. भिंत भिजली की कागद मागून पाणी ओढतो. तसबीर पुसता येते, हार बदलता येतो, ती रेघ काही जात नाही.

मी तडक बाहेर नळावर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, तीनदा चूळ भरली. परत आत आले, देवाला म्हटलं, चूक माझी, राग माझ्यावर काढ. आणि तसबीर उचलली.

मागे भिंतीच्या फळीवर काळीकुट्ट बुरशी, हाताच्या पंजाहून मोठी. बोट टेकवलं तर पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. प्लाय कसला, भिजलेला पाव. देव्हाऱ्याचे स्क्रू मात्र नवेकोरे चकाकत होते. आधीच्या मालकांची श्रद्धा म्हणे!

तो जरासुद्धा ओशाळला नाही. "थोडी ओल आहे, ताई, समुद्रकाठी कोणाच्या घरात नसते? पण तुम्ही हे बरं नाही केलंत. मासे खाऊन देव बाटवलात."

माझा तोल गेला. "बाटवला मी? मी खाल्लेले मासे माझ्या पोटात आहेत. तू देवाला बुरशीवर बसवलंस, त्याच्या नावानं माझा हात धरलास! ह्या माणसाला दमा आहे. ह्या पलंगावर हे झोपणार होते. उद्या रस्त्यात कुठं ह्यांचा श्वास अडकला असता तर तू येणार होतास का उदबत्ती लावायला?" आजूबाजूच्या गाड्या पुसणारे कामगार फडकी हातात धरून बघत राहिले. त्यातला एक खाली मान घालून हसत होता, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तसबीर मी तिथं ठेवली नाही. त्याच्या ऑफिसातल्या कोरड्या टेबलावर नेऊन ठेवली आणि चपला घालून बाहेर पडले.

रिक्षाची वाट बघत रस्त्याकडेला उभे राहिलो तरी माझा पट्टा चालूच होता. पोलिसांत जाईन, सगळ्या बोईसरला सांगेन, काय काय. हे पंप ओढत होते. एकदा ओढला, थांबले, पुन्हा ओढला. मी म्हटलं, "बघा, पाच मिनिटं ओल उघडी पडली तर ही गत! बरं झालं मला ती रेघ दिसली."

"मला आधीच कळलं होतं," हे म्हणाले.

"काय?"

"ओल. त्यानं दार उघडलं तेव्हाच छाती भरली. म्हणून तर दारात बसलो."

"आणि बोलला नाहीत? मी सौदा करत होते, अहो! मी हो म्हणणार होते!"

ते रस्त्याकडे बघत होते. "माझ्यापायी इतकी वर्षं तू कुठं गेली नाहीस," ते म्हणाले. "आज किती खुशीत होतीस. म्हटलं, औषध जास्त घेईन. निभावेल."

त्या विक्रेत्यावर ओरडले नव्हते एवढी मी भर रस्त्यात ह्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. रिक्षा समोर येऊन थांबली तरी मी ओरडतच होते, आणि हे एका हातात पंप आणि दुसऱ्या हातात माझी पिशवी धरून, श्वास लागत असताना, मला आधी आत बस म्हणत होते.