पाचवी अट

वन्सं कोडं सोडवायला बसल्या की आधी बटणांचा डबा उघडायच्या. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मागच्या पानावर कोडं यायचं. सहा माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, तर कोण कोणाच्या शेजारी? चौघांच्या चार रंगांच्या छत्र्या, तर कोणाची कुठली? लोक म्हणे त्यासाठी कागदावर चौकटी आखतात. वन्सं पडल्या शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्याकडे माणसांच्या जागी बटणं होती. कोटाचं मोठं काळं बटण म्हणजे डॉक्टर, पितळेचं म्हणजे शिपाई, शिंपल्याचं पांढरं म्हणजे शिक्षिकाबाई. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताट पालथं घालून त्या काठाकाठाने बटणं मांडायच्या आणि एकेक अट वाचत सरकवत जायच्या. माझी भाजी चिरून होईपर्यंत टेबलाभोवतीची सगळी माणसं आपापल्या जागी बसलेली असायची.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. तीस वर्षं त्यांनी शाळांचे गणवेश शिवले. लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हा त्यांची खोली मागच्या बाजूला होती, मशीन खिडकीशी, भिंतीला टेकवलेले बेत, म्हणजे कापड बेतायचे खाकी कागदाचे नमुने. मला त्यांची भीती वाटेल असं माहेरी सगळ्यांनी सांगितलं होतं. पण पहिल्याच रविवारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "बस इथं. छत्र्या वाटायच्या आहेत."

मी हिरवी छत्री माळ्याला देऊन टाकली.

"का गं?"

"माळी ना तो. हिरवीच असणार."

"आणि दूधवाल्याला पांढरी?"

"हो, मी तेच म्हणणार होते."

त्या इतक्या हसल्या की बटण ताटावरून खाली गेलं. मग म्हणाल्या, "लिहिलंय तेवढंच धरायचं. लिहिलेलं नाही ते आपल्या पदरचं घालायचं नाही. नाहीतर कोडं सुटत नाही, नुसतं सुटल्यासारखं वाटतं."

मला ते कधी जमलं नाही. गोल टेबलाच्या कोड्यात डॉक्टरीणबाई आणि वकीलसाहेब एकत्र आले असं आलं की मी त्यांना नवरा-बायको करून शेजारी बसवायची. "अहो, एकत्र आले की," मी म्हणायची. "एका टांग्यातून आले असतील," वन्सं म्हणायच्या. मामंजी बाहेरून रेडिओचा आवाज कमी करून ओरडायचे, "सूनबाई, तिचं ऐकू नकोस. जगातली सगळी कोडी सोडवली, स्वतःचं तेवढं राहिलं." वन्सं पुढची अट वाचायला घ्यायच्या.

मामंजी कशाबद्दल बोलायचे ते मला पुढे कळलं, कारण त्यातला शेवटचा भाग माझ्यासमोरच घडला. कापडाचा एक फिरता विक्रेता नमुने घेऊन वन्संकडे यायचा. काम असताना यायचा आणि नसतानाही यायचा. नमुन्याचं पुस्तक मांडीवर घेऊन तासभर बसायचा आणि निळ्या रंगाच्या सहा छटा दाखवायचा. गणवेशाला एकच निळा लागतो हे त्यालाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "वन्सं, त्यांच्या मनात आहे."

"तसं म्हणाला का?"

"असं कोणी तोंडाने म्हणतं का?"

"मग नाही," म्हणाल्या आणि शिलाई चालू केली.

दोन वर्षांनी तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. वन्सं बाजारात गेल्या होत्या. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "तुमच्या वन्संनी कधी काही दाखवलंच नाही." मी पत्रिका वन्संच्या हातात दिली. ते वाक्य दिलं नाही. उगाच कशाला दुखवायचं असं वाटलं. रोज रात्री देवापुढे बसून उठले की मी वहीत चार ओळी लिहिते. त्या दिवशीच्या ओळींतही मी ते लिहिलेलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

बावीस वर्षांनी ती भाड्याची जागा सोडायची वेळ आली. नवी जागा मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, बरीच लहान: बाहेरची खोली, मोठी खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून कोठी. कोठीला पूर्वेची एक खिडकी. माणसं आम्ही पाच: मामंजी, हे, मी, आमची लेक आणि वन्सं. रविवारी जेवणं झाल्यावर हे म्हणाले, "ताई, तू एवढी कोडी सोडवतेस. हे सोडव बघू. कोण कुठे राहील?"

सगळ्यांना गंमत वाटली. वन्संनी बेताचा खाकी कागद टेबलावर पसरला, त्यावर पेन्सिलीने घर आखलं आणि म्हणाल्या, "अटी सांगा. एकेकाने. मी लिहून घेते."

मामंजी म्हणाले, "बाहेरची खोली माझी. आणि तिथं दुसरं अंथरूण नको. पहाटे मी रेडिओ लावणार, खोकणार, मग कोणाची कुरकूर ऐकून घेणार नाही."

"एक," वन्सं म्हणाल्या.

हे घड्याळं दुरुस्त करतात. "मोठी खोली आम्हा दोघांना. खिडकीशी माझं टेबल. तिसऱ्या कोणाचा पाय तिथं नको. एक स्क्रू पडला तर अख्खा दिवस जातो."

"दोन."

लेकीची नर्सिंगची परीक्षा तोंडावर आली होती. "आत्या, मला मधली. एकटीला. दार लावून."

"तीन. एकटीला, दार लावून."

"आणि स्वयंपाकघरात कोणी झोपायचं नाही," हे म्हणाले. "गॅस असतो."

"चार." वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी?"

माझी अट तयारच होती. जुन्या घरात बावीस वर्षं मी देव जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवले होते. वरून कोणी गेलं की धूळ पडायची. मी डोळे मिटून बसले की माझ्या डोक्यावरून पावलं जायची. मी म्हटलं, "कोठी देवाला. पूर्वेची खिडकी आहे. तिथं कोणाचं अंथरूण, सामान, काही नको. एवढं एकच मागते."

"पाच," वन्संनी लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "आणखी काही अट राहिली का?"

मामंजी रेडिओकडे निघाले होते.

"बघा हं. राहिली असली तर आत्ताच सांगा."

मी ताटं गोळा करत होते. मीच म्हटलं, "नाही हो वन्सं, एवढंच."

त्या रात्रीची ओळ वहीत आहे. "जागेचं ठरलं. देवाला कोठी मिळाली. समाधान."

दुसऱ्या दिवशी वन्संनी नकाशा पक्का केला. सामानाच्या धावपळीत हलू नये म्हणून बटणं कागदावर दोऱ्याने टाचली होती. बाहेरच्या खोलीत कोटाचं तपकिरी बटण, मोठ्या खोलीत दोन, मधल्या खोलीत लेकीच्या लहानपणच्या फ्रॉकचं लाल, आणि कोठीत देवाचं म्हणून शिंपल्याचं पांढरं. लेक हसून म्हणाली, "आत्या, स्वतःला मोजायला विसरलीस."

"नाही गं," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले. माझ्या मनात, त्या कुठंतरी लेकीबरोबर राहतील, दार लावून म्हणजे काय, आत्याला थोडंच बाहेर ठेवणार, असंच काहीतरी होतं. नीट काही नव्हतंच. मी माझ्या सवयीप्रमाणे हिरवी छत्री माळ्याला देऊन मोकळी झाले होते.

त्या आठवड्यात वन्सं दोनदा दुपारच्या बाहेर गेल्या. कोणी विचारलं नाही. घर हलवायच्या दिवशी सकाळी खोकी जिन्याशी रचली होती, प्रत्येकावर खोलीची चिठ्ठी, वन्संच्याच अक्षरात. त्यांच्या ट्रंकेवर आणि मशीनवर मात्र चिठ्ठी नव्हती.

"वन्सं, ही कुठल्या खोलीत जायची?"

"ती वेगळ्या गाडीने जायची आहेत. अकराची बस आहे माझी."

मुलींच्या एका वसतिगृहात त्यांना देखरेखीचं काम मिळालं होतं. चार तासांवरच्या गावी. राहायला खोली तिथंच.

हे हातातला हातोडा घेऊन तसेच उभे राहिले. "ताई, हा काय वेडेपणा? तू घरचीच ना?"

"घरचीच आहे रे."

"मग बोलायचं नाही का?"

"मी दोनदा विचारलं," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उत्तर पडताळून दाखवताना असायचा तसा आवाज होता. "पाच अटी होत्या. पाचही पाळल्या की एकच उत्तर निघतं. मी सगळ्या तऱ्हेने मांडून पाहिलं."

मामंजी म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच," आणि खुर्चीवर बसून रुमाल शोधू लागले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कोठी घ्या, एवढे दोन शब्द. पण आदल्या दिवशीच मी नव्या घरी जाऊन कोठीत फळी ठोकून घेतली होती, जमीन पुसली होती, देवाला बोलले होते की आता तुझी जागा तुला. ते मोडायचं कसं, एवढाच विचार करत मी दोन मिनिटं उभी राहिले. तेवढ्यात रिक्षावाला मशीन उचलायला वर आला. वन्संनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाल्या, "बटणांचा डबा तुला ठेवलाय. काजं-बटणं आता तूच करायची," आणि खाली गेल्या.

नव्या घरी तो खाकी कागद मी दाराच्या मागे लावला होता. सामान लागल्यावर काढायला गेले तेव्हा पाठची बाजू पहिल्यांदा दिसली. तिथं वन्संनी मापं लिहिली होती. कोठी: साडेसहा फूट, चार फूट. "माझी खाट: सहा फूट, अडीच फूट." पुढे, "बसते." खाली लहान अक्षरात, "अट पाच सैल केली तर आणखी एक उत्तर आहे. पण ती देवाची अट आहे."

मी तशीच कोठीत जाऊन बसले. उजेड छान येत होता. पाय पसरले तर पुढे अजून जागा उरली. एवढी जागा मी कशाला मागितली होती? देवाला साडेसहा फूट लागत नाहीत, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं. आणि माझ्या हट्टावर मी देवाचं नाव घातलं म्हणून त्यांनी तो खोडायला हात उचलला नाही.

आठवडाभरात मी देव स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आणले. जागा वीतभर होती, पुरली. ह्यांना सांगून खाट आणवली, आणि वन्संना पत्र लिहिलं: माझी अट मी मागे घेते, कोठी तुमची आहे, या. उत्तर आलं. "पत्र पोचलं. इथं मुली एकोणीस आणि खाटा अठरा आहेत. रोज नवी मांडणी करावी लागते, मुलींनाही त्याची गोडी लागली आहे. त्यांना मध्येच सोडून यायचं नाही. अट मागे घेतेस हे आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. देवांना परत कोठीत ठेव, ओट्यावरचा धूर लागेल."

देवांना मी परत ठेवलं नाही. कागदावर कोठीत पांढऱ्या बटणाशेजारी शाळेच्या शर्टाचं एक करडं बटण टाचलं. पांढरं उसवायचं राहून गेलं.

आता वर्षातून दोनदा वन्सं येतात, तीन-तीन दिवस. पहिल्यांदा आल्या तेव्हा कोठीच्या दाराशी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं ठेवू का?" मी त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून टाका पाहिला. "घट्ट घातलास. पण गाठ मागून मारायची असते." इतकंच.

परवा पुन्हा आल्या होत्या. मी त्यांच्यासाठी निळी चादर आणली होती. दुकानात निळ्याच्या पाच-सहा छटा होत्या, मी बराच वेळ लावून निवडली. त्यांनी ती वापरली. आज निघताना चपला घालता घालता मला म्हणाल्या, "पाहुण्यांची चादर घडी करून कपाटात ठेवली आहे हं. धुवायला नको, मी काल धुतली."

"वन्सं, ती पाहुण्यांची नाही. तुमची आहे. तुमच्यासाठीच आणली."

त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं.

"असं होय," म्हणाल्या. "मग सांगायचंस ना." आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.