शिकागो ते हैदराबाद, बावीस तास

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोरसुद्धा नाही. बोलून आता काही सुधारेल अशी आशाही नाही. तरी तुला सांगतो.

माझं काम विमानाची तिकिटं काढून देण्याचं. सिकंदराबादच्या एका छोट्या ऑफिसात सतरा वर्षं तेच करतोय. कुठलंही गाव सांग — किती किलोमीटर, किती तास, विमान कुठे बदलायचं — झोपेतून उठवलंस तरी सांगेन. नात्यात तर या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मोबाइलवर कोणी पडताळून बघत नाही. कशाला बघतील?

शिकागो तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. आखातात एकदा विमान बदलायचं, सगळं धरून बावीस तास. माझा थोरला भाऊ, दादा, तिथे असायचा. इकडे हैदराबादेत, गौलीगुड्याच्या घरी आई, अण्णा म्हणजे आमचे वडील, आणि आम्ही नवराबायको. अण्णा नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं ते मी — आणि त्यांनी हाक मारायची ती दादाच्या नावाने. राग यायचा का? यायचा. फार यायचा.

अण्णा गेले ते सकाळी सहाला. दादाला फोन केला, तिथे संध्याकाळ होती. तो नुसता रडत होता. "मला काही सुचत नाही रे. आज रात्रीचं काही मिळतंय का, तूच बघ." इकडे काका येऊन बसले होते. म्हणाले, "थोरला आल्याबिगर कसं उचलायचं? बर्फाची पेटी मागवतो मी. तू फकत सांग, किती घंटे लागतात?"

मी कॉम्प्युटर उघडला. जागा होती. त्याच रात्रीच्या विमानात — होती. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत दादा दारात उभा राहिला असता.

दादाला मी म्हणालो, सगळं भरलंय. आणि काकांना म्हणालो, "चाळीस घंटे. कमीत कमी."

काकांनी मान हलवली. पेटी आलीच नाही. दुपारी मडकं माझ्या खांद्यावर होतं, अग्नी मी दिला. काकांनी फोन धरला होता, त्यात दादा बघत होता. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं.

दादाने दोष कोणालाच दिला नाही. दिला तो अंतराला. आईच्या वेळी तरी हाताशी असावं म्हणून वर्षभरात नोकरी सोडून कायमचा परत आला. वहिनी आल्या नाहीत. मुलीही तिकडेच राहिल्या. रविवारी फोनवर दिसतात, आणि बापाचं बोलणं त्यांना आता अर्धंच कळतं. त्याने सामान बांधायच्या आधी एक वाक्य बोलायला माझं काय जात होतं? बोललो नाही. त्याचं परतीचं तिकीट, एकतर्फी, मीच काढून दिलं.

मागच्या साली आई गेली. अग्नी दादाने दिला. घरी येताना गाडीत त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "हिच्या वेळी तरी पोचलो रे."

मी "हौ" म्हणालो.