बारा बावन्नची नोंद

खालापूरजवळच्या एका छापखान्यात मी उत्पादनाचं काम पाहत होतो. त्याआधीची चौदा वर्षं वृत्तपत्राच्या कचेरीत गेली होती. माणूस सांगतो त्यापेक्षा कागदावर आहे ते खरं धरायचं, ही तिथली सवय सोबत आली होती.

चार रंगांच्या ऑफसेट मशीनवर आम्ही औषधांची माहितीपत्रकं छापत होतो. भातकापणीच्या दिवसांत रोजची छपाई कमी भरू लागली. दोन्ही पाळ्यांच्या वह्या कोऱ्या होत्या. त्यात नवल नव्हतं. मशीन थांबलं असं लिहिलं की कारण लिहावं लागे आणि कारण लिहिलं की चौकशी लागे. म्हणून कोणीच लिहीत नसे. मी मशीनच्या संगणकातली नोंद उघडली. रोज पाऊण ते दीडच्या दरम्यान सहा-सात वेळा एकच ओळ होती : कागद अडकला.

ही वेळ पहिल्या पाळीच्या जेवणाची. पहिल्या पाळीत मशीन न थांबवता आळीपाळीनं डबा खायची पद्धत होती. त्या पाळीचा ऑपरेटर कडाव गावचा. सात वर्षं कंत्राटावर होता आणि कायम झाल्याचं त्याचं पत्र मालकांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. सगळ्यांना एकत्र बसून जेवता यावं म्हणून तो मशीन मुद्दाम थांबवतो, असा अहवाल मी लिहिला. तीन वाजता, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांसमोर वाचून दाखवला.

"डबा खायला मशीन बंद पाडतोस?" मालकांनी विचारलं.

"माझ्या पाळीत थांबत नाय."

"मग संगणक खोटं बोलतो?"

"मशीनपाशी मी असतो. साहेब कवा आले दुपारचे?"

दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर मोहोपाड्याचा. तो हात पुसत म्हणाला, "कडाववाल्यांचा डबा मोठा असतो, मालक. तांदूळ घरचा हाय ना."

त्याची माणसं हसली. पहिल्या पाळीचं कोणी हसलं नाही. मालकांनी लेखी खुलाशाला तीन दिवस दिले. तो पटला नाही तर पत्र फाडायचं आणि कामावरून कमी करायचं, हेही तिथंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुलासा आला. एका ओळीचा : "दुपारी येऊन बघावे." मला तो उर्मट वाटला. त्याला खोटं पाडायचं म्हणूनच मी साडेबाराला मशीनपाशी जाऊन उभा राहिलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मदतनिसाला मशीनवर ठेवून तो कागदाच्या रिमांच्या गठ्ठ्यावर बसला आणि डबा उघडला. "खाऊ का, साहेब? का आजची भाकरीबी अहवालात जाते?"

दीड वाजेपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही. मी आहे म्हणून, असं मी धरलं आणि नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांच्या कामासाठी रसायनीला निघून गेलो.

पुढच्या सकाळी नोंद पाहिली. आदल्या दिवशी बारा बावन्नला मशीन थांबलं होतं. बारा अठ्ठावन्नला थांबलं होतं. एक सातलाही. त्या तिन्ही वेळी मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो.

मी मुंबईच्या सर्व्हिस इंजिनियरला फोन लावला. पावसाळ्यात त्यानं मशीन बनवणाऱ्या युरोपातल्या कारखान्याच्या मदतीनं इंटरनेटवरून नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यानं संगणकाचं घड्याळ वाचायला सांगितलं. ते आतल्या पडद्यावर होतं, ऑपरेटरला दिसत नसे. माझ्या घड्याळात दहा दहा झाले होते, मशीनमध्ये सहा चाळीस.

"तिकडची वेळ राहिली असेल," तो म्हणाला. "छपाईला त्यानं काही फरक पडत नाही."

साडेतीन तास मागे. बारा बावन्न म्हणजे चार बावीस. दुसरी पाळी.

त्या दिवशी मी रसायनीला गेलो नाही. चारनंतर दुसऱ्या पाळीनं पश्चिमेचं शटर वर केलं. रोलर धुण्याच्या औषधाचा वास कोंडतो म्हणून ते रोजच उघडत. कलतं ऊन आत आलं आणि सरकत सरकत, छापलेला कागद बाहेर पडतो तिथल्या सेन्सरवर पडलं. कागद सरकतो की अडकतो हे तो सेन्सर उजेडावरून ओळखतो. मशीन थांबलं. कागद अडकलेला नव्हता. मोहोपाड्याच्या ऑपरेटरनं न पाहताच बटण दाबलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. चौथ्या वेळी मी सेन्सरवर पुठ्ठा आडवा धरला. त्यानंतर ते थांबलं नाही.

"तुझ्या पाळीत थांबतं, हे माहीत होतं तुला?"

"रोजच थांबतंय."

"परवा बोलला का नाहीस?"

"तुमी त्याला इचारत होता. मला कुटं इचारलं?"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, त्याच जागी, मी दुसरा अहवाल वाचला. पहिला चुकीचा होता आणि चूक माझी होती, असं त्यात लिहिलं होतं. घड्याळ तपासल्याशिवाय मी वेळ लिहिली होती. वृत्तपत्रात हे शिकाऊ वार्ताहरालाही माफ नसतं.

मालकांनी पत्रावर सही केली. "झालेली चौकशी फाइलीत राहील, पण," ते म्हणाले.

कडावच्या ऑपरेटरनं पत्र पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"घड्याळ चुकलं, साहेब," त्यानं मला सांगितलं, "पण वाचणारं तोंड तुमचं होतं. वाचलेलं आमच्या घरी पोचलंय. बायकोनं तीन दिवस डब्यात दोनच भाकऱ्या दिल्या, लोक मोजतात म्हणून."

मी माफी मागू लागलो. तो थांबला नाही. त्याची पाळी संपली होती.

त्यानंतर दीड वर्ष मी तिथं होतो. तो वेळेवर येई, काम चोख करी आणि माझ्याशी बोलत नसे. शाई संपली, प्लेट खराब निघाली, काही सांगायचं असलं की मी समोर उभा असतानाही तो मदतनिसाकडे वळे. "साहेबांना सांग रं," तो म्हणे. मदतनीस मला सांगे. मी मदतनिसाला उत्तर देई.