नाशिकचा अभ्यास दौरा

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. कारण हा किस्सा ऐकताना आमच्या शाळेतल्या एका बाईंनी माझ्या पांढऱ्या शर्टावर चहा उडवला होता. एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला. पण फळ मात्र दर रविवारी भोगतोय!

मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवतो. बालाजी आणि गोविंद हे माझे कॉलेजपासूनचे मित्र. बालाजी नांदेडला विमा विकतो, गोविंद लोह्याला गणित शिकवतो. तिघांनीही पंचेचाळिशी ओलांडलेली, आणि तोवर तिघांपैकी एकानंही उभ्या जन्मात वाइन चाखलेली नव्हती. चाखायचं राहू द्या, बाटलीला हातसुद्धा लावलेला नव्हता.

एका लग्नाच्या पंगतीत बालाजीनं विषय काढला. "यार, आपण काय असं वरण-भात खातच म्हातारं व्हायचं का? नाशिकला जाऊ. द्राक्षाच्या बागा, तिथंच वाइन, तिथंच मुक्काम. तीन दिवस. फक्त आपण तिघं."

"हाव, जाऊ की," गोविंद म्हणाला.

मी आधी आजूबाजूला कोण बसलंय ते पाहिलं. मग हळूच म्हणालो, "हाव."

झालं! महिनाभर फोनवर नुसतं नियोजन. गोविंदनं वेळापत्रक आखलं. साडेनऊला नाश्ता, अकराला पहिली वायनरी, चारला दुसरी. मध्ये त्यानं मधली सुट्टीसुद्धा ठेवली होती. मास्तर शेवटी मास्तरच.

बालाजीनं तर इतके व्हिडिओ पाहिले की तो आम्हाला शिकवायलाच लागला. "तिथं जाऊन गावंढळ दिसायचं न्हाई," म्हणाला. म्हणून एका दुपारी गोविंदच्या घरी चक्क तालीम ठेवली. वाइनच्या जागी डाळिंबाचं सरबत, आणि काचेच्या ग्लासांच्या जागी स्टीलचे पेले.

"आधी रंग बघा," बालाजी म्हणाला.

स्टीलच्या पेल्यात कुठला रंग दिसणार? तरी बघितला.

"आता गोल फिरवा."

गोविंदनं फिरवलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला अर्धा महिना लाल झाला.

"आता वास घ्या. घोट तोंडात घोळवा. अन् थुंका."

"थुंका?" गोविंद पेला धरून तसाच राहिला. "मग प्यायचं कवा?"

"जाणकार लोक थुंकतात."

"आपण कुठं जाणकार हाय? आपण पिऊ!"

आता माझी खोड अशी की मला कुठलीही गोष्ट लवकर अंगवळणी पडते. घरी आलो, नीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा दिला. मी कप गोल फिरवला आणि डोळे मिटून वास घेतला.

"दूध नासलंय का?" नीतानं विचारलं.

"नाही नाही, छान आहे."

दुसऱ्या दिवशी ताकाचंही तसंच केलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही नाशिकला नेमकं कशाला चाललाय?"

आता मला सांगा, 'मित्रांबरोबर फिरायला' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही!

"द्राक्षबागांचा अभ्यास करायला," मी म्हणालो. "निवृत्तीनंतर शेती करावी म्हणतो. तुमच्याच गावाकडं."

यातलं शेवटचं वाक्य अगदी फुकटचं होतं. तिला खूश करायला म्हणून आपलं जोडलेलं. ती खरंच खूश झाली. मी मनात म्हटलं, जिंकलो!

पण जावयाच्या तोंडून निघालेला शब्द आमच्याकडे घरात राहत नाही. दहा मिनिटांत शिरूर अनंतपाळहून सासऱ्यांचा फोन. त्यांना मी मामा म्हणतो.

"जावईबापू, लई बेस केलं बगा! मला दोन्ही पोरीच. माझ्यामागं रानाकडं कोन बगंल, ह्याच्यानं झोप लागत न्हवती. आज लागंल."

म्हातारा माणूस, फोनवर आवाज जड झालेला. आता खरं सांगायला तोंड कुठून आणायचं?

"अन् म्या बी येतो दौऱ्याला," मामा म्हणाले.

"मामा, तुम्हाला दगदग होईल."

"कसली दगदग? देवणी वळू धरतो म्या अजून!"

मामाही येताहेत, हे मी बालाजीला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तू दोस्त हायस."

निघायच्या दिवशी मामा धोतर-टोपी घालून आले आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. मांडीवर एक गाठोडं. मला वाटलं दशम्या असतील. उघडून पाहिलं, तर शेतातली माती!

"तितल्या लोकांला दावाया," मामा म्हणाले. "ह्या मातीत येल येतो का, इचारू."

पहिले दोन दिवस आम्ही सकाळी सहाला बागेत हजर. मामा कुठल्याही बागेसमोर गाडी थांबवायचे, अनोळखी शेतकऱ्याला राम राम करायचे आणि माती पुढे करायचे. दोन वेलींत अंतर किती, पाणी किती, छाटणी कधी, सगळं विचारायचे आणि मला म्हणायचे, "ल्हिवा, जावईबापू." मी लिहायचो. गोविंदच्या सुंदर वेळापत्रकाच्या पाठीमागे! मित्र बांधावर बसून माझ्याकडे असे बघायचे, की मी मान वर करत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी बालाजी अडूनच बसला. वायनरीत आधीच जागा राखून ठेवली होती.

"मामा, द्राक्षाचं पुढं काय होतं, तेही बघितलं पाहिजे," मी चाचरत म्हणालो.

"बगायचंच की!"

लांबलचक टेबल. खिडकीबाहेर नुसती हिरवीगार बाग. प्रत्येकापुढे चार-चार काचेचे ग्लास. एक हसतमुख ताई बाटली घेऊन आल्या. महिनाभराची तयारी, ती याच क्षणासाठी! माझ्या ग्लासावर बाटली वाकली. आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो!

"मी घेत नाही!" मी ओरडलोच.

बालाजीला ठसका लागला. मामांची छाती मात्र अभिमानानं फुगली. "आमचे जावई सुपारीसुदिक खात न्हाईत," त्यांनी ताईंना सांगितलं. "त्यांला द्राक्षाचा रस द्या. मला वता."

"मामा, तुम्ही?"

"पीक लावायचं म्हनल्यावर माल चाखून बगू नये व्हय?"

आणि मामांनी ग्लास उचलला. रंग पाहिला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि समोरच्या भांड्यात अशी एक अचूक पिंक टाकली की बाहेर थेंब नाही! चाळीस वर्षं तंबाखू खाल्लेला माणूस. ताई बघतच राहिल्या. "असं सराईतपणे करणारं रोज कुणी येत नाही," म्हणाल्या. मामा चारही ग्लास चाखून मोकळे झाले. बालाजी-गोविंदनी काही थुंकलं नाही. मी गार रस पीत बाग बघत होतो. येताना सगळा रस्ता गाडीही मीच चालवली.

वाटलं, संपलं. पण मध्येच यंदाचा धोंड्याचा महिना आला. जावयाला सासरी बोलावून वाण द्यायचं, ही रीत. मी नवा शर्ट घालून पाटावर बसलो. पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारसे आणि ताटातला दिवा मिळाला. उठणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "खरं वान रानात हाय. चला."

शेतात गेलो, तर अर्ध्या एकरात लोखंडी खांब, ताणलेल्या तारा, आणि ओळीनं लावलेली द्राक्षाची रोपं!

"तुमची बाग," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "निवृत्तीची वाट कशाला बगायची? आयतवार हाय की."

धोंड्याचं वाण नको म्हणता येतं का? मी वाकून नमस्कार केला.

तेव्हापासून दर रविवारी मी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तिथं असतो. बालाजी आणि गोविंद मध्ये पुन्हा नाशिकला जाऊन आले. या वेळी वेळापत्रक मधल्या सुट्टीसकट पाळलं म्हणे. त्यांनी फोटो पाठवला. दोघांच्या हातात ग्लास, आणि मध्ये मुद्दाम ठेवलेली एक रिकामी खुर्ची.

गेल्या रविवारी बांधावर बसून तो फोटो बघत होतो. नीता डबा घेऊन आली. मी घाईनं मोबाइल खिशात टाकला.

"तुम्हाला वाइनच प्यायची होती ना?" तिनं डबा उघडता उघडता विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"ताकाचा वास घेतला तेव्हाच."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही शेतीचंही मागं घेतलं असतं. माझे आबा किती दिवसांनी नीट झोपले होते." तिनं भाकरी माझ्या हातावर ठेवली. "आणि खरं सांगितलं असतं, तर मीपण आले असते की! मी कुठं चाखलीय?"

मी भाकरीचा घास मोडला. तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून मामांची हाळी आली.

"जावईबापूऽ! पैली तोडनी झाली की समदेजन नाशिकला जाऊ! आमी वाइन चाखू, तुमाला रस सांगू!"