पाटलाच्या माळवदावर

"वर जायचंय ना तुला? मग चढ की."

पाटील असं म्हणाले आणि ओट्यावरची सगळी माणसं हसली. हसणाऱ्यांत आमचे गुरुजी होते. ह्या पोरीला अवकाशात जायचंय, हे त्यांनीच पाटलांना सांगितलं होतं.

मी सातवीत होते. गाव जनवाड्याच्या पलीकडं. बिदरकडची शिकाऊ विमानं रोज आमच्या शिवारावरून जायची. बाया घडीभर मान वर करायच्या आणि पुन्हा खुरप्याला लागायच्या. मी विमान दिसेनासं होईस्तोवर बघायची. त्या उन्हाळ्यात आपल्या देशाचा माणूस अवकाशात गेला, असं रेडिओनं सांगितलं. आधी तो विमानच चालवायचा म्हणे. मला तेवढं पुरलं. गुरुजींनी वर्गात विचारलं, कोण काय होणार. मी उभी राहिले आणि सांगितलं.

मी दाराजवळ तरटावर बसायची. महारवाड्यातल्या पोरांची जागा तीच. बाकीच्यांना सतरंजी. गुरुजी म्हणाले, "आधी तरटावरून सतरंजीवर तरी ये." वर्ग हसला. मी खाली बसले. तरी मनातून ते गेलं न्हाई.

पाटलांकडं गावातला पहिला टीव्ही आला होता. घराच्या सपाट माळवदावर उंच लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, तोंड हैदराबादकडं. त्या संध्याकाळी अवकाशातला माणूस दाखवणार होते. माझी माय पाटलांचा गोठा झाडायची. तिच्या मागं मी अंगणापर्यंत गेले. खिडकीतून दिसलं तरी बास होतं.

दुपारपासून वारं सुटलेलं. मावळतीला आभाळ जांभळं झालं होतं, गुरं दाव्याला हिसके देत होती. वाऱ्यानं पाइपाची ताणाची तार तुटली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. कुणीतरी वर जाऊन पाइप धरायला पाहिजे होता. पाटलांची दोन तरणी पोरं टीव्हीपुढं बसली होती. ती हलली न्हाईत. तेव्हा पाटलांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

आतल्या जिन्यानं आम्हाला चढता येत नव्हतं. बाहेरून शिडी लावली. माळवदाला माझा पाय चालला, जिन्याला चालला न्हाई. पण खरं सांगते, मी खुशीनं चढले. वाटलं, काम केलं तर नंतर आत बघू देतील.

पाइप माझ्या दुपटीनं उंच. दोन्ही हातांनी कवळून धरला. गुरुजी खिडकीतून सांगायचे, जरा हैदराबादकडं, जरा माघारी. मग खाली एकदम सगळं गप झालं. चित्र आलं होतं. घरघरता एक आवाज ऐकू आला. मग टाळ्या. मला एक शब्द कळला न्हाई. मी वाकून विचारलं, काय म्हणाला तो?

पाटील म्हणाले, "तुला काय करायचंय? नीट धर."

तेवढ्यात पहिली वीज चमकली. चमक दिसली की आकडे मोजायचे, गडगडाट किती आकड्यांनी येतो त्यावरून वीज किती लांब ते कळतं, हे गुरुजींनीच शिकवलं होतं. मी मोजले. अकरा. पुढच्या वेळी सात. पाइप हातात थरथरत होता. मग चार.

माय गोठ्यापासून ओरडली, "उतर गं, उतर." पाटील म्हणाले, चित्र आत्ता कुठं नीट आलंय, राहू दे तिला. माय पदर तोंडात धरून वर बघत राहिली.

मी जीव खाऊन ओरडले, "गुरुजी, वीज उंच लोखंडावर पडती. तुम्हीच शिकवलंत की."

गुरुजी दारात आले. विजेच्या उजेडात त्यांचं तोंड मला लख्ख दिसलं. ते दचकले न्हाईत. म्हणाले, "पाचच मिनटं राहिलीत. धर."

त्यांना ठाऊक होतं.

आजवर मला वाटायचं, ह्या लोकांना कळत न्हाई. गणितात माझा पहिला नंबर आहे, मलाही तहान लागते, मलाही भ्या वाटतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं न्हाई. एकदा कळलं की सतरंजीवर जागा देतील. त्या एका वाक्यात ते संपलं. कळत होतं. सगळं कळत होतं.

इथून पुढं मी त्यांना अहो-जाहो करणार न्हाई.

मी हात सोडला. पाइप कलंडून कठड्यावर आदळला. खाली आरडाओरडा झाला. मी शिडीनं उतरले. पाटील समोर उभा होता.

"कामून सोडलास?"

"मला मरायचं न्हाई."

त्यानं मला मारलं न्हाई. मायला मारलं. हात लागून बाटायला नको म्हणून पायातली चप्पल फेकून मारली. तिच्या भुवईवर लागली. गुरुजी तिथंच होता. तो आभाळाकडं बघायला लागला.

वीज काही पडली न्हाई. चार थेंब आले आणि वारं निघून गेलं. मग मीच खोटी ठरले. गावभर झालं, पोरगी माजली.

दुसऱ्या दिवशी मायचं काम बंद. निरोप आला, पोरीनं दारात येऊन नाक घासावं. त्या संध्याकाळी चार माणसं आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हातात काठ्या. दुसऱ्या संध्याकाळी सहा आली. बा घाबरला. म्हणाला, घास एकदा, नाक काय झिजतंय का? मायची भुवई सुजून डोळा मिटला होता. ती चुलीपुढनं उठली न्हाई. तिथूनच म्हणाली, "आपण गाव सोडू. पण तू वाकू नको."

तिसऱ्या दिवशी गुरुजीनं माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. माफी लिही, न्हाईतर दाखला घेऊन जा. मी कागद तसाच माघारी दिला.

दाखल्यावर त्यानं वर्तनापुढं लिहिलं, 'उद्धट'.

आम्ही बिदरला आलो. माय बांधकामावर पाट्या उचलायला लागली. मी बारावी सायन्स केलं आणि विमान चालवायच्या भरतीची चौकशी करायला एका कचेरीत गेले. तिथल्या माणसानं मान वर केली न्हाई. बायकांना घेत न्हाईत, म्हणाला. अवकाशात मी गेले न्हाई. जाणार न्हाई. ती जखम भरत न्हाई आणि मी ती झाकत न्हाई.

लोक सांगतात, दाखल्यावरचा तो शेरा बदलून घे, अर्ज केला की बदलतात. मी अर्ज करणार न्हाई. दाखला मागतील तिथं हाच ठेवणार. आणि हे कामून लिहिलंय म्हणून कुणी विचारलं, तर त्या पाटलाचं आणि त्या गुरुजीचं नाव घेऊन, उभी राहून, सगळं सांगणार.