मागाचा डबा

आमच्या दुकानात दिवसाची पहिली कमाई, म्हणजे बोहनी, गल्ल्यात जात नसे. ती देवाच्या फोटोखालच्या पितळी डब्यात जायची, आणि त्या डब्याला सगळे मागाचा डबा म्हणायचे. लग्न होऊन मी सीताबर्डीतल्या या साड्यांच्या दुकानाच्या घरात आले तेव्हा मला आधी हे शिकवलं, स्वयंपाकघर नंतर दाखवलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातची नोट घ्यायचे, डोळ्यांना लावायचे, तिच्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवायचे आणि डब्यात ठेवून झाकण लावायचे. बोट टेकवायची जागाही ठरलेली होती. नोटेवर जिथं सही असते तिथंच. सही आहे म्हणून तर तो कागद पैसा झाला ना, असं ते म्हणत. शनिवारपर्यंत मग त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. घरात पाहुणे येवोत की कुणी आजारी पडो, डबा म्हणजे डबा.

शनिवारी दुपारी मोठे मामाजी यायचे. मामाजींचे थोरले भाऊ. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या विणकर. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्यानं दुकान घेतलं आणि थोरल्यानं बापाचा माग घेतला. दुकान चालेल, माग उपाशी राहील, हे त्यांच्या बापाला दिसत होतं. म्हणून त्यानं सांगून ठेवलं की दुकानातली रोजची बोहनी मागाची. त्याप्रमाणे मोठे मामाजी सायकलच्या मागे जुन्या धोतरात गुंडाळलेली करवती काठाची साडी बांधून यायचे, साडी द्यायचे, डब्यातले पैसे घ्यायचे आणि तसेच इतवारीत जाऊन पुढच्या साडीचं सूत आणि रेशीम घ्यायचे. सोमवारी माग पुन्हा खटखटायला लागायचा.

हे पैसे म्हणजे भावानं दिलेली मदत नव्हती, हा त्यातला खरा मुद्दा. एकदा पावसाळ्यात धंदा मंदा होता, डब्यात कमी निघाले, तेव्हा आमच्या ह्यांनी गल्ल्यातून भर घालायला हात पुढे केला. मोठे मामाजी उठून उभेच राहिले. "गल्ल्यातला पैसा माह्या भावाचा. डब्यातला माह्या मागाचा. मी का मागाले आलो गा इथी?" असं म्हणाले आणि कमी होते तेवढेच घेऊन गेले. परत तो विषय कुणी काढला नाही.

त्यांचा मुलगा, माझा चुलत दीर, मागाच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायच्या मागे होता. वस्तीतले माग एकेक करून उठले होते, यांचाच तेवढा राहिला होता. बापलेकांची रोज बाचाबाची. शेवटी असं ठरलं की जो आठवडा माग बिनसुताचा बसेल, त्या आठवड्यात तो काढायचा. मोठे मामाजी लगेच "हाव" म्हणाले. डबा कधी रिकामा निघेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. हिवाळी अधिवेशनाला मुंबईची माणसं नागपुरात यायची, त्यांच्यासोबत बायका यायच्या, आणि त्या नागपुरी साड्या बघायला आमच्याकडे हमखास डोकावायच्या. साड्या उलगडायच्या, गालाला लावून बघायच्या, आणि मग पर्समधून प्लास्टिकचं कार्ड काढून विचारायच्या, "हे चालतं ना?" चालत नव्हतं. मग त्या चौकातल्या मोठ्या दुकानात जायच्या, जिथं चालायचं. एका अधिवेशनात अशी किती गिऱ्हाइकं गेली ते बघून आमच्या ह्यांना झोप लागेना. "आपल्यालेही मशीन पायजे," असं दिवसातून दहा वेळा म्हणायचे. एखाद्याला पोरगी पसंत पडावी तसं त्यांना ते मशीन पसंत पडलं होतं.

पुढच्या अधिवेशनाच्या आधी दोन बँकांचे दोन जण आमच्या दुकानात येऊन गेले. इंग्रजी कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. आणि एकदा माझ्याकडे आलं म्हटल्यावर मी काही कुणाला सोडणार नव्हते. पहिला आला तो टाय लावून. त्याचं कमिशन कमी. ह्यांचा चेहरा लगेच फुलला. मी विचारलं, "पैसे हाती कधी येतील?" तो म्हणाला, स्लिपा मुंबईला जातील, तिथून तपासून येतील. "म्हणजे कधी?" तर म्हणे, येतील मॅडम, महिना धरून चाला. महिना! माग महिनाभर काय हवा विणेल? मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

दुसरा नागपूरचाच होता, गोड बोलणारा. कमिशन जास्त, मशीनचं डिपॉझिट वेगळं. पण स्लिपा त्यांच्या इथल्याच शाखेत भरायच्या आणि त्याच दिवशी पैसे खात्यात. मी त्याला घासून विचारलं. कार्ड चोरीचं निघालं तर नुकसान कुणाचं? त्यानं चोरीच्या कार्डांचे नंबर छापलेलं चोपडं दाखवलं, आधी त्यात बघायचं म्हणाला. रक्कम मोठी असली तर? बँकेला फोन करून परवानगी घ्यायची. फोन लागला नाही तर? तिथं तो हसला आणि चोपडं बॅगेत टाकायला लागला. स्लिपा किती दिवसांत भरायच्या? तीन दिवसांत, नाहीतर बँक बांधील नाही. हे मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं.

मामाजी गादीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं. "याच्यानं बोहनी होते का गा?"

तो माणूस दिलखुलास हसला. "बोहनी काय बाबूजी, हे पैसेच समजा. नोट आणि ही स्लिप, काही फरक नाही."

तेवढ्यावर सही झाली. मी त्याच बँकेला हो म्हटलं, कमिशन जास्त असूनही, आणि ते मागासाठीच म्हटलं. आजही कुणी विचारलं तर मी भांडून सांगेन की त्या दोघांत तीच बँक बरोबर होती.

मशीन यायला अधिवेशनाचा शेवटचा आठवडा उजाडला. लोखंडी पाटासारखं, वर सरकता दांडा. कार्ड ठेवायचं, त्यावर तीन पानी स्लिप ठेवायची, दांडा खर्रकन तिकडे न्यायचा, परत आणायचा. कार्डावरची उठावाची अक्षरं कागदावर उमटायची, गिऱ्हाईक वरच्या पानावर सही करायचं. खालचं एक पान गिऱ्हाइकाचं, एक आमच्या फायलीचं. वरचं बँकेचं. त्याच दिवशी ह्यांनी दारावर "कार्ड स्वीकारले जाईल" अशी पाटी लावली आणि खरंच गर्दी झाली.

त्या बायका सकाळी दुकान उघडताच यायच्या, कारण दुपारी त्यांना जेवणांची आमंत्रणं असायची. त्या वेळेला दुकानात मामाजी एकटे. हे इतवारीत माल बघायला गेलेले आणि मी चुलीपाशी. मामाजी दांडा सरकवायला शिकले होते, त्यांना त्याची गंमतही वाटायची. मी खाली येईपर्यंत पहिली विक्री होऊन गेलेली असायची आणि डब्याचं झाकण लागलेलं असायचं. संध्याकाळी हे दिवसभराच्या स्लिपा तारेवरून काढून बँकेत भरायला न्यायचे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

अधिवेशन संपलं, मुंबईची माणसं परत गेली, आणि शनिवारी दुपारी मोठे मामाजी साडी घेऊन आले. काठ इतका सरळ की पट्टी लावून बघावी. त्यांनी हात धुतले, मामाजींनी डबा खाली काढला, झाकण उघडलं.

आत एकही नोट नव्हती. नीट घडी घातलेल्या स्लिपा होत्या, त्या आठवड्यातल्या रोजच्या बोहनीच्या. वरची, सहीची पानं. प्रत्येकीवर बरोब्बर सहीवर तेलकट कुंकवाचं बोट.

"बापा रे," एवढंच ह्यांच्या तोंडून निघालं.

मी म्हटलं, "मामाजी, हे पान बँकेत द्यायचं असते ना! फायलीतलं नाही का ठेवायचं डब्यात?"

मामाजींनी मान हलवली. "थे तर नक्कल आहे वं सूनबाई. देवापुढे नक्कल कशी ठेवाची?"

त्यांच्या बाजूनं त्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. स्लिप म्हणजे नोट, असं एका शिकलेल्या माणसानं दुकानात बसून सांगितलं होतं. नोटेचं जे करायचं तेच त्यांनी स्लिपेचं केलं, सही बघून बोट टेकवलं आणि शनिवारपर्यंत हात लावला नाही.

हे गल्ल्याकडे वळले. मोठ्या मामाजींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तसा ह्यांचा हात जागीच थांबला. मी म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबा. मी स्वतः जाते बँकेत. पैसे घेऊनच येते." मोठे मामाजी म्हणाले, "थांबतो पोरी. सोमवारी दुपारपर्यंत सूत भेटलं तरी जमते."

सोमवारी बँक उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. तोच गोड बोलणारा माणूस टेबलामागे होता. त्यानं स्लिपा उजेडाकडे धरल्या. तेल कागदात मुरलं होतं, सह्या पसरल्या होत्या, काही ठिकाणी नंबरही. बहुतेकांची मुदत टळली होती, आणि ज्यांची नव्हती त्यांवर सही दिसत नव्हती. "मॅडम, ही कुठली चालणार? पार्टीकडून नवी सही आणा." पार्टी मुंबईला! मी त्याला म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता ना, हे पैसेच समजा? नोटेवर कुंकू लागलं तर नोट चालते की नाही? मग ही का चालत नाही? माझा आवाज चढला, रांगेतले लोक वळून बघायला लागले. तो खाली मान घालून म्हणाला, "ते बोलण्याची पद्धत असते हो मॅडम." मला त्याच्या टेबलावरची शाईची दौत उचलून फेकावीशी वाटली. बोलण्याची पद्धत! माझ्या घरात बोललेला शब्द लोक पितळी डब्यात ठेवतात, हे त्याला काय माहीत.

परत आले तेव्हा मोठे मामाजी दुकानात बसले होते. सकाळपासून बसले होते म्हणे, चहासुद्धा घेतला नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. मामाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. इतका मोठा माणूस, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या मामाजींनी हात पुढे केला. "थे कागद दे मले."

"याचे पैसे होत नाही मोठे मामाजी," मी म्हणाले.

"पैशाचं कोण बोलून राहिलं? बोहनी आहे ना? भावानं देवापुढे ठेवली ना? मंग मले भेटली." त्यांनी स्लिपा घेतल्या, डोळ्यांना लावल्या, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या. मग भावाच्या पाठीवर हात ठेवला. "उगी गा. तुह्या हातून काई चुकलं नाई." आणि सायकल घेऊन निघून गेले. इतवारीकडे नाही, घराकडे.

त्याच आठवड्यात माग निघाला. शब्द दिला होता. मी भांडायला निघाले होते, दिराला चार शब्द सुनवायला, पण मोठ्या मामाजींनीच निरोप पाठवला की पोरीला म्हणा, येऊ नको. खोलीत गिरणी बसली. मोठे मामाजी त्यानंतर दुकानात आले नाहीत. शनिवारी नाही आणि इतर दिवशीही नाही. सायकल आता मुलगा वापरतो असं कळलं.

आमच्या दुकानातली पद्धत मात्र मामाजींनी मोडली नाही. सकाळची पहिली विक्री कार्डावर झाली की स्लिप सरळ माझ्याकडे यायची, मी ती त्याच दिवशी बँकेत भरायची, आणि पैसे जमा झाले की तेवढ्या नोटा काढून आणायची. मामाजी त्यांवर कुंकू लावून त्या डब्यात ठेवायचे. एकदाही उशीर झाला नाही. शनिवारी दुपारी ते डबा खाली काढायचे, झाकण उघडायचे आणि मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसायचे. डबा काठोकाठ भरलेला असायचा.

अशाच एका शनिवारी मी त्यांना चहा द्यायला गेले. त्यांनी नोटांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून अगदी मनापासून म्हणाले, "बँक तू चांगली पाह्यली वं सूनबाई. पैसा टायमावर येऊन राहिला."