आतड्यातला पहारा

बायको होती तोवर मुलीचा फोन तिलाच यायचा. माझ्या वाट्याला शेवटी "बाबा, तब्येत ठीक ना?" एवढंच. बायको गेल्यावर तो फोन दर रविवारी सकाळी मला येऊ लागला आणि आम्हा दोघांची पंचाईत झाली. जेवण, हवा, गुडघा, की संपलं. "बरं, ठेवते हं." त्यानंतर फ्रीगंजमधलं हे घर मला दिवसभर खायला उठायचं.

एका रविवारी मी कुरकुरलो, टावर चौकातले पोहे बाधले म्हणून. मुलगी परदेशात आतड्यांवरच संशोधन करते.

"त्या जंतूंचा एकदाचा खात्मा करणारं काहीतरी शोध की," मी वैतागून म्हणालो.

"अहो बाबा, सगळे मारून कसं चालेल? त्यातले बहुतेक आपल्याच कामाचे आहेत."

आणि तिची गाडी जी सुटली! आतड्याची भिंत म्हणे पेशींच्या एकाच थराची. तिच्यामागे रोगप्रतिकारक पेशी पहाऱ्याला. त्यांनी पाठवलेली प्रतिपिंडं जंतूंना धरून ठेवतात, भिंतीला चिकटू देत नाहीत. शिवाय या पेशी भिंतीला निरोप देतात, की वरचा बुळबुळीत थर राख, झीज भरून काढ. बोलताना तिचा आवाज थेट आईसारखा चढत होता. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी मी उठलो नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी ढ होतो. "ते प्रतिपिंडांचं परत सांग गं, डोक्यातून निसटलं." जन्मभर रेल्वेच्या सिग्नलवर काढलेल्या माणसाला निरोपानिरोपी कळत नाही होय? शेजारच्या वकिलांनासुद्धा समजावून झालं होतं. "क्या बात है, तुम्ही तर एकदम डॉक्टर होऊन गेले," असं ते म्हणालेही.

परवा ती मध्येच थांबली.

"बाबा, मागच्या रविवारी मी निरोपाचं सांगायचं विसरले होते. तुम्हीच आठवण करून दिलीत."

माझं सोंग उघडं पडलं. आता ही ठेवणार, या भीतीने मी फोन कानाशी घट्ट धरला.

"तुला कामं असतील तर..."

"नाहीत." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "चहा घेऊन बसा, बाबा. भिंतीपासून सुरू करते."